एका बटाट्याचे डोळे

जागं होताना माणूस आधी ओठ हलवतो. डोळे नंतर. धामणदऱ्याच्या पठारावर हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ज्येष्ठ उतरणीला लागला की जागल्या आरणीतून फिरताना निजलेल्यांच्या ओठांकडे बघत फिरे. दूध पिणाऱ्या बाळासारखे ओठ चुटपुटू लागले की तो उशाशी गुळाच्या पाण्याची वाटी ठेवी आणि हळूच म्हणे, "या वर."

'वर या' असंच म्हणत. 'उठा' म्हणत नसत.

आरण पूर्वी बटाट्याची असे. झाडाच्या सावलीत बटाट्याचा ढीग लावायचा, त्यावर कडुलिंबाचा पाला, पाल्यावर पाचट. आत गारवा आणि अंधार, आणि त्या अंधारात बटाटा महिनोन्‌महिने निजून. आता त्याच नावाच्या लांबलचक दगडी घरांत माणसं निजत. होळीची राख थंड झाली की सगळं पठार निजवणी पिऊन आडवं होई आणि ढगाची सावली डोंगरावरून सरकावी तसा उन्हाळा त्यांच्यावरून सरकून जाई. कुणाला तहान लागत नसे. विहिरींना कुणी शिव्या देत नसे. झोपेत वयही वाढत नसे, निदान वाढल्यासारखं दिसत नसे.

त्या वर्षीही आपल्या आरणीत पहिली वर आली ती कार्तिकी एरंडे. दरवर्षी तीच यायची. तिने वाटी तोंडाला लावली आणि ओठ पुसायच्या आधी डावीकडे वळून बघितलं.

पूर्वा निजली होती. सतरा वर्षांची लेक, आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीत. ओठ मिटलेले, शांत.

मग शेजारची उठली, पलीकडची उठली. खोकले, जांभया, कुणाचं तरी उगाच हसणं. निजून उठलेली माणसं काही दिवस पाण्याखालून बोलल्यासारखी बोलतात. एक म्हातारा स्वप्नातल्या बैलाला अजून हाका मारत होता. आरण रिकामी झाली. बाहेर सऱ्या पाडायची गडबड सुरू झाली. आषाढ तोंडावर आला होता, बेणं मातीत जायला हवं होतं.

"सगळी आली वर," जागल्या सोहमनाना म्हणाला. "तुझी तेवढी खाली हाय."

"तिला कधी घाई असते नाना? येईल."

"गेल्या वर्षी बी मागंच राहिली व्हती. त्याच्या आदल्या वर्षी बी. पर एवढी न्हाई."

"तुम्ही भाकऱ्या भाजा. माझ्या लेकीची झोप मोजत बसू नका."

सोहमनाना चुलीकडे वळला. तो निजवणी घेत नसे. कुणीतरी जागं राहायला हवं म्हणून तो उन्हाळेच्या उन्हाळे एकटा जगलेला होता. कार्तिकीच्या मेलेल्या नवऱ्याच्या वर्गात होता तो. आता तिचा चुलतसासरा शोभला असता.

—

निजाळू हे त्या वाणाचं नाव.

शेतातून काढलेला कुठलाही बटाटा काही काळ झोपतो. त्याला ओल द्या, ऊब द्या, तो फुटत नाही. मेलेला नसतो, अगदी सावकाश श्वास घेत असतो, पोटातली साखर चिमूट-चिमूट जाळत असतो. डोळ्यांना 'अजून नाही' असं सांगणारं एक द्रव्य त्याच्या अंगात असतं. ते ओसरलं की डोळा फुटतो. निजाळू वाणात हे द्रव्य इतकं दाट होतं की सालींचा काढा प्यायलेला उंदीर अख्खा उन्हाळा झोपला आणि ताजातवाना उठला. उंदरानंतर माकड, माकडानंतर माणसं. काढ्याचं नाव पडलं निजवणी. पाण्यावाचून गाव सोडून जाण्यापेक्षा गावातच निजणं लोकांना बरं वाटलं.

दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागत.

एक, भरल्या अंगाने निजायचं. आरणीत विसरलेला बटाटा सुरकुततो तसं वेळेवर न उठलेलं माणूस आतून आटत जातं. श्रावण लागायच्या आत वर आलंच पाहिजे.

दुसरी, फोड. निजायच्या दिवशी प्रत्येक घराची फोड होई. बाप या आरणीत, आई त्या, पोरं एकेक करून वेगळ्या वाड्यांच्या. एका रक्ताची दोन माणसं एका छपराखाली निजायची नाहीत. का, ते बहुतेकांना ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं आणि मग ती रीतच झाली. रीत झाल्यावर कारण कोण विचारतो? त्या दिवशी पोरं रडत, बाया एकमेकींच्या लेकरांना पोटाशी घेऊन निजत, आणि त्यातून पठारावर एक वेगळंच मावशीपण तयार झालं होतं.

आपल्या आरणीत कोण कुठे निजणार, हे कार्तिकी ठरवत असे. आणि पूर्वाला तिने एकदाही दुसऱ्या आरणीत पाठवलं नव्हतं.

—

"ऊठ गं बाई. बघ, ऊन किती वर आलंय."

"तुझ्या मैत्रिणी सऱ्या पाडून बसल्या. तुझी सरी कोण पाडणार, मीच ना? दरवर्षी मीच."

"पूर्वे."

"बेणं फुटलंय छान. जांभळे कोंब आलेत, बोटभर. तुला आवडतात ना? आवडतात की नाही? कधी बोलली नाहीस म्हणा."

"ओठ वाळलेत तुझे. थांब, बोटाने पाणी लावते."

"मी इथेच आहे. कुठे जात नाही मी."

"तू नुसती हूं कर."

—

पठाराच्या दुसऱ्या टोकाला बटाटा संशोधन केंद्र होतं. तिथल्या डॉ. नसरीन मुजावर पायी आल्या, कारण निजून उठलेल्या गावाला गाडीचा आवाज सोसत नाही. उंच, पाठीत किंचित वाकलेल्या, बोलताना हातातल्या वस्तूशी बोलल्यासारखं बोलणाऱ्या. त्यांनी पूर्वाची नाडी बघितली, पापणी उचलून बघितली, आणि मग गोधडी नाकाशी नेली.

"या कुणाच्या साड्या?"

"माझ्याच," कार्तिकी म्हणाली. "धुतलेल्या आहेत, मॅडम."

"ही कुठे निजली होती?"

"इथंच. माझ्याजवळ. आणि कुठे निजणार?"

मुजावर मॅडमनी गोधडी खाली ठेवली. त्याच संध्याकाळी त्यांनी चौघांकडून पूर्वाला अलगद उचलून वरच्या वाडीच्या आरणीत नेलं. दिवेलागणीला येऊन बघतात तो कार्तिकी तिच्या उशाशी बसलेली, केसांतून हात फिरवत.

"कार्तिकीताई, बाहेर या जरा."

दारातल्या दगडावर दोघी बसल्या. मॅडमनी एक लांबट बटाटा पुढे धरला. त्याच्या एका टोकाला जाडजूड कोंब आला होता, बाकी अंग गुळगुळीत.

"किती डोळे आहेत याला?"

"असतील धा-बारा."

"आणि फुटले किती?"

"शेंड्याचा एक. तोच आधी येतो. हे मला शिकवताय होय मॅडम? शेंबड्या पोराला ठाऊक आहे. म्हणून तर आम्ही बेण्याच्या फोडी करतो. फोड केली की प्रत्येक डोळा फुटतो."

"का फुटतो?"

कार्तिकी थबकली. "सुटा होतो म्हणून."

"कशातून सुटतो?"

मॅडमनी अंगठ्याने त्या जाड कोंबावरची माती पुसली.

"शेंड्याचा डोळा एकदा जागा झाला की रसातून खाली निरोप पाठवत राहतो. 'मी उठलोय, तुम्ही थांबा.' त्याला आम्ही शेंडहुकूम म्हणतो. यात दुष्टपणा काही नाही. उलट काळजीच आहे. शेंडा गुराने खाल्ला, कडाक्याच्या थंडीने जळला, तर खालचा उठावा म्हणून त्याला राखून ठेवायचं. पण शेंडा शाबूत आहे तोवर खालचे डोळे झोपूनच राहतात. काही कायमचे."

"ते बटाट्याचं झालं. पूर्वा काय माझ्या अंगाला चिकटलेली आहे का?"

"एके काळी होती."

आतून वाऱ्याने पाचट सळसळलं. कार्तिकीने मान वळवून दाराकडे पाहिलं, पण उठली नाही.

"निजवणी अंगात मुरते," मॅडम सांगत राहिल्या. "जागं होताना श्वासातून, घामातून बाहेर पडते, आणि पडताना तुमच्या रक्ताचा शिक्का घेऊन पडते. परक्याचा शिक्का पूर्वाचं शरीर ओळखत नाही. तुमचा ओळखतं. तुम्ही जवळ बसलात की त्याला वाटतं, शेंडा फुटलाय, आपण थांबू. तुम्ही जितक्या जवळ बसाल तितकी ती खोल जाईल. म्हणून फोड होती ताई."

"म्हणजे मी तिला—"

"तुम्ही तिच्याजवळ बसलात, एवढंच."

"मग बाजूला बसते. दाराशी बसते."

"लांब जायचं. माझ्या केंद्रावर या, प्लॉटवर लागवडीला बाया हव्याच आहेत."

कार्तिकी हसली. "लेक अशी पडलीय आणि मी तुमचे बटाटे लावू?"

—

आणि मग तिने जे जे केलं: ओव्याच्या पाण्याने अंग घासलं, तोंडाला ओला पदर बांधून बसली, श्वास रोखून लेकीच्या कपाळावर ओठ टेकले, दाराच्या फटीतून बघितलं, फटीतून बघणं पुरेना म्हणून कौल सरकवून वरून बघितलं, सोहमनानाने शिडी काढून घेतली म्हणून त्याच्याशी भांडली, सगळे शेतात गेल्यावर पुन्हा आत गेली, जरा वेळ, अगदी जरा वेळ, आणि लेकीचा हात हातात घेतला तेव्हा मनगटावरची कातडी सैल झाली होती. चिमटीत धरली तशी उभीच राहिली. आरणीच्या तळाशी राहिलेल्या बटाट्यासारखी.

ती उठली. गोधडी काढून घेतली. लेकीच्या अंगावर सोहमनानाची घोंगडी घातली. पठार ओलांडून केंद्रावर पोचेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही; वाऱ्यावर आपला वास मागे जाईल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं.

—

केंद्रावर ती सऱ्यांत फोडी टेकवत गेली, डोळा वर करून, पायाने माती लोटत. निरोप येत तो फोनवर.

"काय न्हाई अजून," सोहमनाना म्हणे.

"काय न्हाई."

"ओठ हलल्यागत वाटलं. माशी व्हती."

आणि मग एका सकाळी फोन वाजला तो नानाचा नव्हता.

"आई! वर आले मी! आई, इतकी भूक लागलीय, नानांची भाकरी खाल्ली, वर त्यांनाच ओरडले. बेण्याच्या फोडी केवढ्या मोठ्या करून ठेवल्यात! एकेका फोडीवर चार-चार डोळे. चार डोळे काय करणार, भांडणार? मी सगळ्या पुन्हा कापल्या. आणि उताराची सरी मोडून आडवी घातली. पाणी थांबेल. तू का उभी पाडायचीस गं?"

कार्तिकीच्या हातातली फोड सरीत पडली. पूर्वा एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. पूर्वा नुसती हूं करायची. पूर्वा सांगितल्या कामाला हात लावायची, आणि सगळं पठार म्हणायचं, काय गुणाची आहे कार्तिकीची लेक.

"औषध घेतलंस का?" एवढंच तिला सुचलं.

"कसलं औषध? मी ठणठणीत आहे!"

पुढे कार्तिकी रोज केंद्राच्या टेकाडावर चढू लागली. तिथून तिचं शेत दिसे, नखाएवढं. त्या नखावर एक ठिपका इकडून तिकडे पळत असे. हातवारे करी. एकदा वारा त्या बाजूचा होता तेव्हा गाण्याचा आवाज आला. सूर बेताचाच होता, पण आवाज केवढा! आपल्या घरात एवढा मोठा आवाज कुठे ठेवलेला होता, हे तिला कळेना.

"मॅडम," ती खाली येऊन म्हणाली, "तुमचं काहीतरी चुकलंय. उठलीय ती दुसरीच कुणीतरी आहे."

मॅडम पानाची मागची बाजू भिंगातून बघत होत्या. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"तुम्ही दरवर्षी तिला जवळ घेऊन निजलात. उठल्यावरही अंगातली निजवणी महिनोन्‌महिने झिरपत असते. ताई, ती पूर्ण जागी कधी झालीच नसेल. अर्धी झोपच तुम्ही तिचा स्वभाव समजलात."

प्लॉटमधली रोपं वाऱ्याने एकदम एका बाजूला झुकली, परत सरळ झाली.

"बाकीच्या घरांत फोड होते," कार्तिकी म्हणाली. "तरी बघा ना, तोत्र्यांकडे म्हातारा बोलतो आणि बाकी सगळे माना हलवतात. पवळ्यांकडे थोरली सून. प्रत्येक घरात एकच कुणीतरी टक्क जागं असतं. ते कशानं?"

मुजावर मॅडम भिंगाच्या दांड्याशी चाळा करत राहिल्या. "माझी अम्मी शहरातली. निजवणीचा थेंब तिने कधी घेतला नाही. पण ती घरात असली की मी तिशीतही कुजबुजत बोलायचे. ती गेली, आणि चौथ्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर गाणं म्हटलं. स्वतःच दचकले."

"मग ते कशानं?"

"त्याच्यासाठी माझ्याकडे प्लॉट नाही ताई."

—

पठार फुलावर आलं तेव्हा कार्तिकीला राहवेना.

मॅडमनी अडवलं नाही, फक्त सांगितलं. "आता गोष्ट उलटी आहे. तुमच्या अंगातली निजवणी ओसरली, तिची भरात आहे. शेंडा ती आहे. तुम्ही जवळ गेलात तर झोप तुम्हाला येईल. आणि तुमच्या अंगात आता साठा नाही, उन्हाळ्यात जळून गेलाय. चार सऱ्या अंतर ठेवा. उघड्यावर तेवढं पुरतं. निजलात, तर ती लांब गेल्याशिवाय तुम्ही वर येणार नाही. हे मी तिलाही फोनवर सांगितलंय."

"काय म्हणाली?"

"ऐकून घेतलं तिने."

कार्तिकी दुपार कलताना शेतावर पोचली. बटाट्याची फुलं पांढरी, मध्ये पिवळा ठिपका, आणि ती इतकी होती की जमीन जरा वर उचलल्यासारखी वाटत होती. पूर्वा सरीत बसून हाताने माती ओढत होती. काळवंडली होती. खांदे रुंद झाले होते. मान वर करून तिने बघितलं, आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"आई!"

"तिथंच थांब," कार्तिकी म्हणाली. चार सऱ्या मोजून ती बांधावर टेकली.

मग पूर्वा बोलू लागली. काय काय बोलली! नाना जागे राहून किती थकलेत, पुढच्या उन्हाळ्यात जागल्या मीच होणार, मला बघायचाय उन्हाळा कसा असतो ते. पवळ्यांच्या सुनेशी भांडण झालं, मिटलंही. शहरातला एक व्यापारी भाव पाडून मागत होता, त्याला ती काय म्हणाली, तो काय म्हणाला, मग ती काय म्हणाली. कार्तिकी त्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांखाली आपलीच हाडं, आपलंच नाक, आणि मधून हा झरा. निम्मे शब्द वारा घेऊन जात होता.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

"जवळ ये की मग!"

एक सरी. एकच. फुलं गुडघ्यांना लागली. तिला वाटलं, एवढ्याने काही होत नाही. मग आणखी एक. व्यापाऱ्याची गोष्ट अर्धी राहिली होती. पूर्वाच्या अंगाला कच्च्या बटाट्याच्या सालीचा वास येत होता, ताजा, किंचित गोड. तो आपल्या घराचा वास होता. कार्तिकी सरीच्या कडेला बसली आणि तिने पाय सोडले.

"भेगा पडल्यात बघ सऱ्यांना," पूर्वा म्हणत होती. "बटाटा उघडा पडला की उन्हानं हिरवा होतो. कडू होतो. सारखं झाकावं लागतं." तिचे हात सरीवरून सरकत होते, मऊ माती ओढत, थापटत. गोष्ट चालूच होती. व्यापारी पठार उतरून गेला, परत आला.

कार्तिकीच्या पापण्या जड झाल्या. तिने त्या उघडल्या. पुन्हा जड झाल्या.

पूर्वाचं बोलणं थांबलं.

तिने आईकडे नीट पाहिलं, पापण्यांकडे, मग ओठांकडे. काय होतंय हे तिला कळलं, आणि तिला कळलेलं कार्तिकीलाही कळलं. पूर्वाने उठून चार सऱ्या पलीकडे जायचं, एवढंच होतं. कार्तिकीला ते सांगायचंही होतं. जीभ हलली, शब्द वर आला नाही.

पूर्वा उठली. सरी ओलांडून ती आईला खेटून बसली, आणि इतके दिवस ऐकायला कुणीतरी हवं होतं ते आता मिळालं, तसं हसली.

"तर मग तो व्यापारी म्हणाला," ती सांगू लागली. तिच्या हातांनी माती ओढायचं काम सोडलं नव्हतं. सरीच्या कडेने येत येत ते हात कार्तिकीच्या उघड्या पावलांपाशी आले, आणि थांबले नाहीत. हलक्या हाताने तिने पावलांवर माती चढवली, घोट्यापर्यंत, आणि तळव्याने थापटून नीट बसवली.

माती उबदार होती. दूर कुठेतरी पूर्वा मोठ्याने हसत होती.